रविवारचा पाठ आणि शनिवारचा पगार

*नगर जिल्ह्यातून एका वाचकांचं सविस्तर पत्र आलं आहे. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे: गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते खजिनदार आहेत, महिन्यातून दोन रविवार शास्त्रपाठ वाचतात आणि दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, कधी चुकवत नाहीत. मुलगा सतरा वर्षांचा. सुट्टीत तो वर्कशॉपमध्ये बसू लागला, हजेरीवही त्याच्या हातात आली आणि एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तुम्ही रविवारी वाचता ते सोमवारी लागू नसतं. मी दृढीकरणाच्या वर्गाला बसणार नाही." (दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं बिशपांसमोर स्वतः पक्की करण्याचा विधी.) वहीत त्याला काय दिसलं ते वाचकांनी स्वतःच लिहिलं आहे. न सांगता काम सोडून गेलेल्या आष्टीकडच्या एका वेल्डरचे तेवीस दिवसांचे पैसे अडकवलेले आहेत. दहा मिनिटं उशीर झाला तरी अर्धा दिवस कापायचा, अशी पद्धत आहे. कोटेशनमध्ये सोळा गेजचा पाइप लिहून अठराचा, म्हणजे पातळ, लावलेली काही कामं आहेत. हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावाची वीस हजारांची रोख पंधरा दिवस पोलादाच्या मालासाठी वापरून परत ठेवली होती, हे मुलाला माहीत नाही, तेही त्यांनी कळवलं आहे. त्यांचे प्रश्न तीन: माझा विश्वास खोटा होता का? मी वाचन आणि खजिनदारकी सोडू का? मुलाशी काय बोलू? पत्नीचं म्हणणं असं की जुनं उकरून काढू नये, हार्वेस्टला थोडं जास्त अर्पण द्यावं.*

प्रिय भाऊ, सलाम.

तुमचा पहिला प्रश्न आम्ही शेवटी घेणार आहोत. तुमच्याकडे लोकांचे पैसे आहेत. ते तिथे असताना स्वतःच्या विश्वासाची तपासणी करत बसलात, तर त्या तपासणीचीच एक नवी भक्ती होऊन बसेल आणि तो वेल्डर आष्टीतच राहील.

म्हणून आधी हिशेब. बायबलमधले लेवीय ६ आणि गणना ५ हे दोन अध्याय उघडा. शेजाऱ्याचं काही अडकवलं, फसवून घेतलं, तर काय करायचं याचा क्रम तिथे स्पष्ट दिला आहे: चूक कबूल करायची, मूळ रक्कम पुरती द्यायची, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि हे ज्याचं त्याच्या हाती द्यायचं. देवापुढे अर्पण त्यानंतर. गणना ५:८ आणखी पुढे जातं. माणूस हयात नसेल आणि घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तेव्हाच ती रक्कम परमेश्वराकडे म्हणजे याजकाकडे जाते. हार्वेस्टला जास्त देण्याचा ताईंचा विचार चांगल्या मनाने आलेला आहे, पण तो इथे चालत नाही. वेल्डर जिवंत आहे, त्याचा फोन नंबर तुमच्याकडे आहे. त्याचे पैसे वेदीवर ठेवले तर मंडळीला तुमची उदारता दिसेल आणि त्याचं घर तसंच राहील. आईबापांना द्यायचं ते "देवाला वाहिलं" म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने मार्क ७ मध्ये जे सुनावलं, ते याच चालीबद्दल आहे.

आता तुमचेच आकडे. रोज सहाशे रुपये, तेवीस दिवस, म्हणजे १३,८०० रुपये. त्याने ४,००० ची उचल घेतली होती असं तुम्ही लिहिलंय. ती खरी असेल, वहीत तारखेसह असेल, तर ती वजा करायला हरकत नाही. राहिले ९,८००. त्याचा पाचवा हिस्सा १,९६०. एकूण ११,७६० रुपये. उचल सोडून द्यावीशी वाटली तर जरूर सोडा, पण ती तुमची भेट असेल, भरपाई नाही. दोन्ही गोष्टी कागदावर वेगळ्या लिहा.

उशिराची कपात बघा. आठ तासांचे सहाशे म्हणजे तासाला ७५ रुपये. दहा मिनिटांचे साडेबारा. तुम्ही कापले तीनशे. म्हणजे दर खेपेला २८७ रुपये ५० पैसे तुमच्याकडे जास्तीचे आले. गैरहजेरी जितकी तितकाच पगार कापता येतो, हे कायदाही सांगतो. शिस्तीसाठी कापत होतो असं तुम्ही लिहिता. शिस्त हवी असेल तर उशिरा येणाऱ्याशी बोला, दोनदा सांगा, तिसऱ्यांदा कामावरून परत पाठवा. पण त्याने जे काम केलं, त्याची मजुरी त्याचीच. याकोब ५:४ मध्ये अडकवलेली मजुरीच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांच्या आरोळ्या प्रभूच्या कानी पोचतात. हजेरीवही घ्या, सध्याच्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे अशा कपाती मोजा, पाचवा हिस्सा घाला आणि पगारात वेगळी ओळ टाकून द्या. कुणाला आठ हजार निघतील, कुणाला दीड. काम सोडून गेलेल्यांचीही यादी करा.

लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेल्याचं चौपट परत द्यायचं ठरवलं, मग मी पाचवा हिस्साच का, असं तुम्हाला वाटेल. स्वतःहून कबूल करणाऱ्यासाठी नियमशास्त्रात मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा आहे. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट, हे निर्गम २२ मध्ये आहे. जक्कयाने स्वतःला चोराचं माप लावलं. तशी ओढ तुम्हाला लागली तर कुणी अडवणार नाही, पण आमचा सल्ला पाचव्या हिश्श्याचाच आहे. चौपटीचा आकडा मोठा वाटतो, त्याची गोष्ट होते, गोष्ट मंडळीत फिरते आणि मग तुम्ही पुन्हा लोकांसमोर उभे. शिवाय चौपटीच्या नादात दोघांना देऊन पैसे संपले आणि बाकीचे नऊ तसेच राहिले, असं व्हायला नको.

वेल्डरला आधी फोन करा. अचानक दारात उभे राहू नका, जुना मालक आला की माणसाला धसका बसतो. रक्कम त्याच्या खात्यात पाठवा. शेजाऱ्यांदेखत नोटा मोजल्या की गावात चार प्रश्न उभे राहतात. पैसे पोचल्यावर भेटायला जा, एकटे जा. पाळकसाहेबांना बरोबर नेऊ नका, मिठाईचा पुडा नको. हिशेबाचा कागद दोन प्रतींत न्या, एक त्याला द्या. बोलायचं एवढंच: "तुझे तेवीस दिवसांचे पैसे मी मुद्दाम अडकवले. चूक माझी. हिशेब हा आहे, काही राहिलं असेल तर सांग." यापुढे "पण तूही न सांगता गेलास" हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा. "प्रभूने मला सांगितलं म्हणून आलो" हेही नको. तो ख्रिस्ती नाही, तुमच्या धर्माचा प्रेक्षक होण्यासाठी त्याने पैसे गमावले नव्हते. त्याने विचारलंच, की साहेब आजच कसं आठवलं, तर खरं ते सांगा. मुलाने वही पाहिली आणि लाज वाटली.

"माझं काही येणं नाही" असं त्याच्याकडून लिहून घेऊ नका. माफीही मागून घेऊ नका. पैसे हातात ठेवून लगेच "माफ केलंस ना?" विचारणं म्हणजे त्याच्यावर दुसरं ओझं टाकणं. तो रागावला तर ऐकून घ्या. चहा दिला तर प्या.

पाइपचं प्रकरण जास्त नाजूक आहे आणि तिथे निव्वळ पैशांचा प्रश्न नाही. सोळा गेजची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर, अठराची १.२. तेवढ्याच लांबीला माल जवळपास एक चतुर्थांशाने कमी. खिडकीच्या आतल्या ग्रिलला अठराचा पाइप चालून जातो. पण बाल्कनीचा कठडा, जिन्याचं रेलिंग, पाण्याच्या टाकीचा स्टँड, यांवर माणसाचा जीव टेकलेला असतो. पातळ पाइप काँक्रिटमध्ये शिरतो त्या जागी पाणी मुरून आधी गंजतो, वरून रंग चांगला दिसत असतानाच. तुम्ही एका ठिकाणी रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंजरोधक प्रायमरचे, दोन हात सांगून एकच दिल्याचं लिहिलंय, म्हणजे तिथे गंज आणखी लवकर. या कामांची यादी आज रात्री करा. तीन रकाने: जीवाला धोका असलेली कामं, उघड्यावरची बाकीची कामं, आतली कामं. पहिल्या रकान्यातलं सगळं स्वतः जाऊन तपासा आणि बदलून किंवा आधार जोडून द्या, स्वतःच्या खर्चाने. तिथे पैसे परत करून सुटका नाही.

बाकीच्यांचा हिशेब सोपा आहे. समजा एका गेटला सोळाचा पाइप साठ किलो लागला असता. अठराचा लागला पंचेचाळीस. फरक पंधरा किलो. त्या वेळच्या दुकानदाराच्या बिलावर किलोचा भाव सत्तर असेल तर १,०५० रुपये, पाचवा हिस्सा २१०, एकूण १,२६०. गिऱ्हाइकाला सांगायचं, "कोटेशनमध्ये सोळा होतं, मी अठरा लावला, हा फरक." काही जण हसतील, काही जण ओरडतील, एखादा सगळं गेट बदलून मागेल. मागितलं तर द्यावं लागेल, कारण ठरलं तेच होतं. गावात बोभाटा होईल ही भीती खरी आहे आणि काही कामं हातची जातील. आम्ही ते लपवत नाही.

अठराचा पाइप विकणं पाप नाही. अठरा लावून सोळा म्हणणं पाप आहे. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचा भाग, प्रेषितांची कृत्ये ५, पुन्हा वाचा. पेत्र हनन्याला सरळ सांगतो की जमीन तुझी होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. काही भाग ठेवून घेतला म्हणून तो दोषी ठरला नाही. थोडं आणून सगळं आणल्याचं दाखवलं, तिथे तो बुडाला. तेव्हा यापुढे कोटेशनमध्ये दोन्ही गेजचे दोन भाव लिहा, प्रायमरचे हात किती तेही लिहा, आणि रंग लावण्याआधी गिऱ्हाइकाला बोलावून पाइपच्या कापलेल्या तोंडाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. आमोस ८:५ मधले व्यापारी शब्बाथ कधी संपतो आणि कधी खोटं माप हातात घेतो याची वाट बघत होते. तुमचं माप गिऱ्हाइकासमोर लागलं की ती वाट बघणंच संपतं.

वर्कशॉपमध्ये आणखी एक. शनिवारी संध्याकाळी पगार, काम संपल्यावर अर्ध्या तासात, गिऱ्हाइकाकडून पैसे आले असोत वा नसोत. अनुवाद २४:१५ तर सूर्यास्ताच्या आत म्हणतं. यासाठी एका आठवड्याच्या मजुरीएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागेल. ती जमेपर्यंत नवा माल उधारीवर उचलू नका. हजेरीवहीत येण्याजाण्याची वेळ लिहा आणि कामगाराची सही घ्या. वही कपाटात नको, टेबलावर हवी.

आता मंडळीचे वीस हजार. परत ठेवले म्हणून ते प्रकरण मिटत नाही. खजिनदाराने दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या धंद्यात फिरवले आणि सुदैवाने माल विकला गेला, एवढंच झालं. माल अडकला असता तर? मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे हिशेब तपासनिसाकडून धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तिथे हा प्रश्न आला तर तुमच्यासोबत पाळक आणि पंच कमिटीही अडचणीत येईल. पाळकसाहेबांना या आठवड्यात भेटा, तारखा आणि रक्कम लिहून द्या, रोकडवही, पावतीपुस्तकं, चेकबुक त्याच दिवशी त्यांच्या ताब्यात द्या. राजीनाम्याचं पत्र खिशात घेऊन जाऊ नका. राजीनामा दिला की चौकशी थांबते, लोक हळहळतात आणि माणूस मोकळा होतो. ठेवायचं की काढायचं हे कमिटीने ठरवावं. काढलं तर घरी येऊन त्यांची निंदा करायची नाही.

कमिटीला एक सूचनाही द्या, तुम्ही राहा किंवा न राहा. अर्पण उपासनेनंतर लगेच व्हेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत) दोघांनी मोजावं, ते दोघे एका घरातले नसावेत, आणि खजिनदार त्या दोघांत नसावा. नोटांनुसार तक्ता, खाली दोन सह्या. रोख सोमवारी बँकेत, कुणाच्या घरी नाही. हार्वेस्टच्या लिलावाला दर वस्तूची पावती जागेवर. महिन्याचं बँक स्टेटमेंट चेकवर सही न करणाऱ्या माणसाने रोकडवहीशी ताडून बघावं. यात कुणावर अविश्वास नाही. रोख घरात पडून राहते आणि उधारीचा तगादा लागलेला असतो, अशा दिवशी चांगला माणूसही घसरतो. तुम्ही तसेच घसरलात.

वाचनाबद्दल. वेल्डरचे पैसे पोचेपर्यंत वाचू नका. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे, आणि पुढे "मग येऊन" ते वाहायला सांगितलं आहे. ते "मग येऊन" पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. आपण अयोग्य आहोत म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहणं प्रभूने सांगितलेलं नाही. प्रभुभोजनाचंही तसंच. १ करिंथ ११:२८ म्हणतं, परीक्षा करावी आणि मग घ्यावं. पैसे पोचले, पाळकांना सांगून झालं, की या आणि घ्या. पाठ वाचायला सांगितलं तर वाचा. साक्ष, म्हणजे मंडळीसमोर उभं राहून आपला अनुभव सांगणं, मात्र वर्षभर देऊ नका, विशेषतः या प्रकरणाची. मत्तय ६ मधला डाव्या हाताला कळू न देण्याचा नियम दानधर्माबद्दल आहे. इथे तर तुम्ही दानही करत नाही आहात, देणं फेडता आहात. त्याची साक्ष कसली होणार?

दशांश बंद करू नका. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना प्रभूने तो सोडायला सांगितलं नाही, न्याय आणि दया सोडल्याबद्दल दोष दिला. पण दशांश मजुरी देऊन उरलेल्या तुमच्या कमाईचा काढा. आजवर त्यात कामगारांचेही पैसे गेले आहेत.

मुलाकडे येऊ. त्याने तुमचा अपमान केला असं पत्रात एका ठिकाणी तुम्ही म्हणता. आमच्या मते त्या घरात शास्त्रपाठ सगळ्यात लक्ष देऊन त्यानेच ऐकला आहे. वेल्डरच्या पैशांचा हिशेब त्याला करायला सांगा, वहीतून, तुमच्याशेजारी बसून. तो बेरीज करेल, तुम्ही रक्कम पाठवाल. मग त्याला म्हणा, "तू बोललास ते खरं होतं." तिथे थांबा. मंडळीच्या वीस हजारांचंही तुम्हीच सांगा, कमिटीतल्या कुणाच्या मुलाकडून त्याला कळण्याआधी.

दृढीकरणासाठी त्याच्यामागे लागू नका. बिशप पुढेही येतील. मनात नसताना तो उभा राहिला आणि नवस-वचनं बोलला, तर तुम्ही त्यालाही तेच शिकवलं असेल जे आज तुम्ही सोडायला निघाला आहात. आणि घरातली संध्याकाळची प्रार्थना सांभाळा. आपल्याकडे एक वाईट सवय आहे: सगळे गुडघ्यावर, डोळे मिटलेले, आणि बाप मोठ्याने म्हणतो, "प्रभो, माझ्या लेकराला सद्बुद्धी दे, त्याचं मन कठीण झालंय." ही प्रार्थना देवाला केलेली नसते, मुलाला ऐकवलेली असते आणि त्याला उत्तरही देता येत नाही. त्याच्याविषयीचं गाऱ्हाणं दार लावून एकटे असताना मांडा. घरच्या प्रार्थनेत एक स्तोत्र, एक लहान उतारा, ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची नावं, प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटं पुरेत. त्याला बसायचं नसेल तर बसू नये, जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र करावं.

आता तो पहिला प्रश्न. विश्वास खोटा होता का? अर्धवट होता. वर्कशॉपच्या दारापर्यंत येऊन थांबत होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला त्यानंतर काही वर्षं गेली. त्या काळातला आपला बाप्तिस्मा त्यांनी नाटक ठरवला नाही. तुम्हीही ठरवू नका. ढोंगी माणूस चुकतो म्हणून ढोंगी नसतो. चूक झाकली जावी यासाठी भक्ती वापरतो म्हणून असतो. मंदिरात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार दोघेही आले होते, लूक १८. जकातदार बाहेरच्या बाहेर परत गेला नाही, आत आला, लांब उभा राहिला आणि काही न झाकता बोलला. आम्ही न विचारताच तुम्ही वीस हजारांचं लिहिलंत. झाकायचंच असतं तर ती ओळ पत्रात आलीच नसती.

ताईंना हे पत्र वाचायला द्या. एवढे पैसे घरातून जाणार तर त्यांच्या संमतीने जावेत, नाहीतर मजुरांचं फेडायला तुम्ही घरच्यांचं अडकवाल. दोघांनी मिळून सगळी यादी समोर ठेवा आणि दरमहा किती झेपेल ते ठरवा. आधी धोक्याची कामं, मग सोडून गेलेले कामगार, मग आत्ताचे, मग गिऱ्हाइकं. दीड-दोन वर्षं लागली तरी चालेल, पण प्रत्येकाला त्याची रक्कम आणि महिना आजच सांगून ठेवा. आष्टीच्या माणसाचे पैसे हप्त्यांत देऊ नका. ते एकदम जाऊ द्या, या शनिवारच्या आत. त्याने फोन उचलला नाही तर गावी कुणाकरवी निरोप द्या, आणि तो रागाने नकोच म्हणाला तर रक्कम वेगळी ठेवून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.